जेनोवात दोन दिवस आहेत. पागानिनीचं व्हायोलिन सोडून संगीतातलं तिथे काय आहे?

"सोडून" म्हणालात म्हणून लिहायला बसलो. आमच्या मामांच्या लेखी इटलीतलं हे बंदर म्हणजे इथल्या नामांकित व्हायोलिनवादक पागानिनीचं ते व्हायोलिन, बाकी सगळी गोदी.

मी जहाजावर थर्ड इंजिनिअर होतो. जनरेटरच्या एका सुट्या भागापायी चार दिवस जेनोवाला अडकलो. शेवटच्या संध्याकाळी गोदीतला एक साठीचा इलेक्ट्रिशियन मला जुन्या गावात घेऊन गेला. तिथल्या गल्ल्या अशा की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीने मिटायचं. एका बारच्या मागच्या खोलीत नऊ माणसं गोल करून उभी राहिली. तोंडं आत, पाठी आमच्याकडे. वाद्य एकही नाही. एका मिशाळ गड्याने बायकी आवाजात वरचा सूर लावला तेव्हा मला हसूच आलं. मग दुसऱ्याने तोंडाशी हात आडवा धरला आणि गिटार वाजायला लागली! मी वाकून बघितलं, हातात काही नव्हतं. आणि खालून चार-पाच जणांचा खर्ज. इंजिनरूममध्ये आवाज कानाआधी तळपायांना कळतो ना, तसा.

याला त्राल्लालेरो म्हणतात. तेनोर म्हणजे उंच पुरुषी आवाज, खोट्या बायकी आवाजातला कोन्त्राल्तो, तोंडाने गिटार काढणारा "कितार्रा", मधल्या पट्टीचा बॅरिटोन आणि उरलेले सगळे खर्जवाले. गोदी कामगारांनी जोपासलेलं गाणं. 1954 साली लोकगीतं गोळा करणारा अॅलन लोमॅक्स अमेरिकेतला असून इथे येऊन ते ध्वनिमुद्रित करून गेला.

घरी आल्यावर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मामांना ऐकवलं. मामा विशारद, चाळीस वर्षं पेटीच्या शिकवण्या. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हमालांचा कोरस आहे हा. पागानिनीचं व्हायोलिन बघितलंस का?" नव्हतं बघितलं. तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात माझी ओळख तीच.

आता मामांना उत्तर. ते 1743 चं व्हायोलिन ग्वार्नेरी या कारागिराने बनवलेलं, आवाज दांडगा म्हणून पागानिनी त्याला तोफ म्हणायचा, मरताना गावाला देऊन गेला, हे सगळं मला पाठ आहे. पण पागानिनीचा बाप याच बंदरात गाठोडी बांधायचा, मामा! फावल्या वेळात मँडोलिन वाजवायचा आणि पोराच्या हातात पहिलं वाद्य त्यानेच दिलं. म्हणजे हमालाच्याच घरचं गाणं की.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर कार्लो फेलिचे हे ऑपेरागृह आहे. 1828 चं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त, 1991 ला पुन्हा उघडलं. तिकीट महाग वाटलं तर बाहेरून बघा, काही बिघडत नाही. फाब्रित्सिओ दे आन्द्रे हा इथलाच गायक. 1984 साली त्याने अख्खा अल्बम जेनोवाच्या बोलीत केला. वीआ देल काम्पो गल्लीत त्याच्या आठवणींचं दुकानवजा छोटं संग्रहालय आहे, तिथे अर्धा तास काढाच.

एक सांगायचं राहिलं. त्राल्लालेरो रोज होत नाही, गाणारे बहुतेक म्हातारे, आणि बाहेर पाटी नसते. बारमध्ये विचारत फिरावं लागतं. दोन दिवसांत नाहीच सापडलं तर पालाझ्झो तुर्सी या महालात जाऊन पागानिनीचं व्हायोलिन बघून या. फोटो काढू देत असतील तर एक मला पाठवा. मेमध्ये मावसबहिणीचं लग्न आहे, मामा येणार आहेत.