पहिलंच प्लास्टिक मॉडेल किट जोडतोय. घरातला सुपरग्लू चालेल का, की वेगळा गोंद घ्यावा लागेल?

वेगळा घ्या. तुम्ही लिहिलंय की किट १/७२ मापाच्या विमानाचं आहे आणि खोक्यावर गोंद सोबत नसल्याची सूचना आहे. अशा किटला पातळ प्लास्टिक सिमेंट लागतं. घरातला सुपरग्लू टाकून देऊ नका, त्याचंही काम निघेल, पण पंख आणि धड जोडायला तो नको.

बहुतेकजण सगळ्यात मजबूत गोंद कोणता ते विचारतात. खरं तर आधी बघायचं ते हे, की कशाला काय चिकटवायचंय. विमानं, रणगाडे, जहाजं यांच्या किटमधले करडे किंवा हिरवट भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात आणि हे प्लास्टिक ठरावीक द्रावकांत विरघळतं. प्लास्टिक सिमेंट म्हणजे मुख्यतः असं द्रावकच. दोन्ही कडा किंचित विरघळतात, एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि सांध्याच्या जागी सलग प्लास्टिक उरतं. सुपरग्लूचं तसं नाही. तो दोन भागांच्या मध्ये स्वतःचा कडक, ठिसूळ थर धरतो. सरळ ओढ सोसतो, पण मॉडेल टेबलावरून पडलं की पंख कटकन निघून येतो. शिवाय तो क्षणात धरतो, म्हणजे पंख वाकडा बसला तर सरळ करायला वेळच मिळत नाही.

सिमेंट पातळ आणि दाट असं दोन्ही मिळतं. तामिया या जपानी कंपनीच्या बाटल्या घेतल्यात तर हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन पातळ आणि केशरी झाकणाचं दाट. दाट सिमेंटमध्ये थोडं प्लास्टिक आधीच विरघळवलेलं असतं. ते आधी कडेला लावायचं आणि मग भाग जुळवायचे. पातळ वापरायची रीत उलटी: भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि झाकणाला लावलेल्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. केशाकर्षणानं द्रव स्वतःच फटीतून पुढे पळतो. बोट मात्र फटीवर ठेवू नका, कारण द्रव बोटाखाली शिरला तर तुमचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटेल. थोड्या वेळानं भाग हलकेच दाबले की फटीतून मऊ प्लास्टिकची बारीक कड वर येते. तिला अजिबात हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ती ब्लेडनं खरवडून पॉलिश पेपरनं घासली की सांधा दिसेनासा होतो, पुट्टीचं बरंच काम वाचतं. सिमेंट चुकून भलतीकडे सांडलं तरी हेच: पुसू नका, वाळू द्या. पुसलं तर मऊ झालेले रिव्हेट आणि रेघा फासल्या जातील.

नळीतला दाट गोंद मला स्वतःला आवडत नाही. त्याच्या तारा सुटतात आणि नको तिथे चिकटतात. सुईसारखी नळी असलेली रेव्हेलची काँटाक्टा बाटली त्यापेक्षा कितीतरी बरी.

जोडायच्या कडांवर रंग किंवा क्रोमचा मुलामा असेल तर तो आधी खरवडा, नाहीतर सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोचणारच नाही.

आता तुमचा सुपरग्लू. पितळी फोटो-एच (पातळ पत्र्यातून कोरून काढलेले बारीक भाग), रेझिनचे भाग, धातूची चाकं, हे काही सिमेंटनं विरघळत नाही; तिथे सुपरग्लूच हवा. थेंब टाकाऊ तुकड्यावर पाडा आणि सुईच्या टोकानं हवा तेवढाच उचला. काही जण फटी बुजवायलाही तो वापरतात. चांगली युक्ती आहे, फक्त वाळल्यावर तासाभरात घासून घ्या. दिवस गेला की तो आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना प्लास्टिकच खचतं. धातूचे मोठे, जड भाग असतील तर दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या. तुमच्या विमानाला तो लागणार नाही.

कॉकपिटवरच्या पारदर्शक कॅनोपीपासून सुपरग्लू लांबच ठेवा. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी धुरकट झाक येते आणि इतक्या मेहनतीनं रंगवलेला पायलट आत दिसेनासा होतो. इथे कागदकामाचा साधा पांढरा गोंद उत्तम. ओला असताना जास्तीचा ओल्या ब्रशनं पुसता येतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि कॅनोपीला काही भार सोसायचा नसतो.

पुढे कधी रोबोची किट घेतलीत तर भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरची अक्षरं वाचा. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन. एबीएस असेल तर जपून: दाबाखाली बसवलेल्या एबीएसच्या भागाला जास्त पातळ सिमेंट पाजलं तर तो तडकू शकतो. पीई म्हणजे पॉलिथिलीन, त्यावर सिमेंट चालत नाही आणि सुपरग्लूही धड धरत नाही. असे भाग नुसते दाबूनच बसवायचे असतात. शंका आली तर उरलेल्या फ्रेमच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघा. पृष्ठभाग मऊ झाला नाही तर ते सिमेंट त्या प्लास्टिकचं नव्हे.

खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. वास सहन होत नसेल तर लिंबूवर्गीय वासाचं लिमोनिन सिमेंट मिळतं, ते जरा सावकाश धरतं. एक्स्ट्रा थिनची बाटली उघडी असताना पसरट, जड तळाच्या डबीत उभी करा; ती कलंडते तेव्हा सगळं नेमकं वाळत ठेवलेल्या भागांवरच जातं.

तेव्हा आत्ता एक पातळ सिमेंट आणि एक पांढरा गोंद आणा. तुमच्या खोक्यात पितळी पत्रा नसेल तर सुपरग्लूचं झाकण उघडायचीही वेळ येणार नाही.