‘पिकॉट’ नव्हे, पिको!

प्रश्न असा आला आहे: क्रोशाच्या रुमालाला बॉर्डर ‘लावली’ म्हणावं की ‘विणली’? आणि तिच्या शेवटच्या ओळीत जी बारीक टोकं येतात, त्या ‘पिकॉट’ला मराठी शब्द कोणता?

पहिल्याचं उत्तर सोपं. तयार लेस आणून शिवली, तर ती लावली. रुमालाच्या कडेतच सुई घालून टाके उचलले, तर ती विणली. काठ, कड, किनार, बॉर्डर, जो शब्द तोंडी असेल तो वापरा.

पण ‘पिकॉट’? हा उच्चार हल्ली सारखा कानावर येतो आणि दर वेळी कपाळाला आठी पडते. ‘क्रोशे’, ‘बुफे’, ‘बुके’ म्हणताना शेवटचा ट आपण बिनबोभाट गाळतो. मग त्याच फ्रेंच घराण्यातल्या या शब्दाला तो का चिकटवायचा? इंग्रजीतसुद्धा तो उच्चारत नाहीत. फ्रेंचमध्ये ‘पिक’ म्हणजे अणकुचीदार टोक. त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागला की ‘पिको’, इवलंसं टोक. ‘क्रोशे’ची घडणही हीच: ‘क्रो’ म्हणजे आकडा, ‘क्रोशे’ म्हणजे छोटा आकडा. पिको विणतानाही नेमकं असं इवलंसं टोकच घडतं. तीन साखळ्या घालायच्या, सुई फिरून पहिल्या साखळीत खुपसायची, धागा सगळ्यांतून एकदम ओढून घ्यायचा. साखळ्या दुमडतात आणि कडेवर मण्याएवढं टोक उभं राहतं.

आता खरी मौज. साडीला करतात तो ‘पिको’ हाच! पूर्वी मशिनवर कापडात बारीक भोकांची ओळ पाडत आणि बरोबर तिच्या मधून कापत. अर्धी-अर्धी भोकं दोन्ही बाजूंना राहून कडेला दातरे येत. त्या कडेचं नाव पिको. आता तिथे दाट नागमोडी शिलाई आली, टोकं गेली, नाव मात्र टिकलं, अशी माझी पक्की खात्री आहे. मराठीतला दिसेल तो परका शब्द पोर्तुगीजांच्या पदरी बांधणारी मंडळी इथेही ‘पिको म्हणजे शिखर’ असं सांगतात. शिखराचा आणि साडीच्या कडेचा संबंध काय, ते मात्र सांगत नाहीत. फ्रेंच शब्द मुळात कडेवरच्या टोकांचाच असताना इतक्या लांब जायचं कशाला?

‘कंगोरा’ हा पर्यायही सुचवला जातो. शब्द देखणा आहे, पण तो फारसीतून आला तो तटबंदीच्या दंतुर माथ्याचा अर्थ घेऊन. एका टाक्यात पाच-सहा खांब, म्हणजे उभे उंच टाके, घालून शिंपल्यासारखी जी रुंद कमान करतात, तिला कंगोरा खुशाल म्हणा. त्या कमानीच्या माथ्यावर बसतो तो पिको. दोन्हींना एकच नाव दिलंत, तर नमुना लिहून देणार कसा? ‘दर कंगोऱ्याच्या मधल्या खांबावर तीन साखळ्यांचा पिको’ असं लिहा. विणणारीला दुसरं काही विचारावं लागणार नाही.