आयर्लंडजवळच्या अरान बेटांच्या आठवणीत केबलची शाल विणायची आहे. साध्या शालीच्या पॅटर्नमध्येच केबल घातली तर चालेल का?

नाही चालणार.

तुमच्याकडे ५२ सेंटिमीटर रुंदीच्या साध्या शालीचा पॅटर्न आहे, एक ओळ सुलट, एक उलट. त्यात अरान बेटांवर पाहिलेल्या दगडी बांधांसारखी केबल घालायची, असं तुम्ही लिहिलंय. लोकर कोणत्या ब्रँडची आणि किती घ्यावी हेही विचारलंय. आणि शेवटी, "शालच तर आहे, आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणायलाच हवा का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितेय. "शालीला कुठे माप लागतं" या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. स्वेटर अंगात बसला नाही तर लगेच कळतं, शाल बसली नाही तर लोक "अशीच असते" म्हणून घडी घालून कपाटात ठेवतात, एवढाच काय तो फरक.

केबल म्हणजे टाक्यांची जागा बदलणं. दोन टाके दुसऱ्या दोघांवरून गेले की चार टाके जवळपास तीन टाक्यांच्या जागेत येतात, आणि कापड आडवं आकसतं. ५ मिमीच्या सुईवर जाडसर लोकरीची साधी वीण १० सेंटिमीटरला १८ टाके देत असेल, तर त्याच सुईवर, त्याच हातानं विणलेली केबलची जाळी २२ टाके देते. खाली दिलेल्या शालीत ९४ टाके आहेत. साध्या विणीत ते ५२ सेंटिमीटर भरतात, केबल घातल्यावर ४३. म्हणजे ९ सेंटिमीटर गेले, आणि उंचीत तेवढी भर पडत नाही. तुमच्या पॅटर्नचं हेच होईल. शाल म्हणून सुरू केलेली वस्तू जाड, लांबुडका मफलर होऊन सुईवरून उतरेल.

आता बेटांबद्दल. इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर ही तिन्ही बेटं चुनखडीच्या उघड्या फरशीची आहेत आणि त्यांवर चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचून केलेल्या बांधांची जाळी पसरलेली आहे. विणायची ती ही जाळी. इनिश मोरवरच्या डून एंगस किल्ल्याच्या कड्याची उंची किंवा समुद्राची लाट विणायला जाऊ नका, लाटेच्या नावानं विणलेली केबल शेवटी वेणीच दिसते. बांध हे सुलट टाक्यांच्या दुहेरी रेघा, आतली शेतं ही उलट टाक्यांची जमीन. काही चौकटींत मॉस (सुलट-उलट टाक्यांची दाणेदार वीण) भरा, काही मोकळ्या सोडा, कारण शेजारशेजारची दोन शेतं सारखी नसतात. रंग बेटाचा शोधत बसू नका. न रंगवलेली दुधी लोकर घ्या, अरान स्वेटरची मूळ लोकर तीच आहे. गडद किंवा अनेक रंगांच्या लोकरीत केबलची सावलीच पडत नाही, मग उठाव कुठून दिसणार?

"प्रत्येक घराण्याची वेगळी केबल असायची, त्यावरून बुडालेल्या कोळ्याची ओळख पटायची" ही गोष्ट तुम्हाला तिथे कुणीतरी सांगितलीच असेल. ती शालीबरोबर पुढे सांगू नका, खरी नाही. त्या बेटांवर केबलचे स्वेटर विणणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलं. या गोष्टीचं मूळ बहुधा आयरिश नाटककार जे. एम. सिंज यांच्या १९०४ सालच्या नाटकात आहे, आणि तिथे ओळख पटते ती साध्या मोज्यावरून. बहीण टाके मोजते, तिनं साठ टाके घातले होते आणि चार सोडले होते. केबल नाही, घराणं नाही, फक्त मोजलेले टाके. विणणाऱ्या माणसाला ही हकीकत घराण्याच्या दंतकथेपेक्षा कितीतरी जवळची वाटायला हवी.

मांडणी अशी, डावीकडून उजवीकडे: ४ टाके गार्टर (दोन्ही बाजूंच्या ओळी सुलटच), १२ टाके दुतोंडी केबल, ७ मॉस, ४८ जाळी, ७ मॉस, १२ दुतोंडी केबल, ४ गार्टर. एकूण ९४.

कडेच्या केबल दुतोंडी का? शाल अंगावर घेतली की मानेजवळ कड उलटते आणि पुढच्या टोकांची मागची बाजू दिसते. पाठीवरची मधली जाळी मात्र क्वचितच उलटते, ती एकतोंडी चालते. दुतोंडी केबल एक सुलट एक उलट अशा रिबवर विणायची. १२ पैकी पहिले ६ टाके केबलच्या सुईवर घ्या, पुढचे ६ रिबमध्येच विणा, मग सुईवरचे ६ रिबमध्ये विणा. रिब आकसून सुलट टाके दोन्ही बाजूंना वर येतात, त्यामुळे पीळ दोन्हीकडून सारखाच दिसतो. एका कडेला केबलची सुई पुढे धरा, दुसऱ्या कडेला मागे, म्हणजे पीळ समोरासमोर येतील. गट मात्र समसंख्येचाच हवा. ५ वर ५ केलेत तर ओलांडणीनंतर सुलटाच्या जागी उलट आणि उलटाच्या जागी सुलट येतो आणि रिबची उभी रांग तुटते.

जाळीचा एक घटक १२ टाक्यांचा आणि २० ओळींचा. असे चार घटक.

पहिली ओळ: ४ उलट, ४ सुलट टाक्यांची ओलांडणी (२ केबलच्या सुईवर मागे, २ सुलट, मग सुईवरचे २ सुलट), ४ उलट. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या ओळीत दोन्ही रेघा एकेक टाका बाहेर सरकतात. उजवीकडे जाणाऱ्या रेघेसाठी १ उलट टाका मागे धरून २ सुलट, मग तो उलट. डावीकडे जाणाऱ्या रेघेसाठी २ सुलट पुढे धरून १ उलट, मग ते २ सुलट. अकराव्या ओळीला शेजारच्या घटकांच्या रेघा भेटतात. तिथली ओलांडणी उलट दिशेनं, म्हणजे २ टाके पुढे धरून. तेरा ते एकोणीस या विषम ओळींत रेघा परत आत येतात. मागच्या बाजूच्या सगळ्या ओळी दिसतील तशा, सुलटावर सुलट, उलटावर उलट. पहिल्या ओळीत चार ओलांडण्या आहेत आणि अकराव्या ओळीत तीनच, कारण अगदी कडेच्या दोन रेघांना जोडीदार नाही. त्या नुसत्या सुलट विणून मागे वळवायच्या. दिशा आलटून पालटून ठेवली की प्रत्येक रेघ एकदा वरून, एकदा खालून जाते. दोन्हीकडे एकच दिशा ठेवलीत तर एकाच बाजूच्या तिरप्या रेघा सगळीकडे वर बसतात आणि जाळी विणलेली न दिसता चिकटवलेली दिसते.

कडेच्या केबल दर २० ओळींनी, जाळीच्या पहिल्याच ओळीत ओलांडा. पुस्तकी हिशेबानं १२ टाक्यांच्या केबलला १४-१६ ओळी पुरतात, पण शाल ताठ होते ती ओलांडण्या दाट झाल्यामुळे. स्वेटरला ताठपणा चालतो, शाल खांद्यावरून पडायला हवी. शिवाय सगळं एकाच ओळीवर आलं की मोजणीही एकच राहते. २० ओळींची २२ आवर्तनं, म्हणजे ४४० ओळी, १० सेंटिमीटरला २५ ओळींच्या हिशेबानं १७६ सेंटिमीटर. दोन्ही टोकांच्या पट्ट्या धरून १८० च्या वर जाते.

टोकांच्या पट्ट्यांवरच बहुतेक शाली बिघडतात. सुरुवातीला ९४ टाके घालून गार्टर विणलीत तर पट्टी ५२ सेंटिमीटर आणि वरचं अंग ४३, म्हणजे टोकाला झालर. ती ब्लॉकिंगनं, म्हणजे ओलं करून टाचण्या लावून वाळवण्यानं, जात नाही. म्हणून ७८ टाके घाला आणि पट्टीच्या शेवटच्या ओळीत १६ वाढवा: प्रत्येक दुतोंडी केबलच्या जागी ८ चे १२, जाळीच्या प्रत्येक घटकात १० चे १२, आणि हे दोन जिथे चार सुलट येणार तिथेच. वाढ लगेच ओलांडणीत लपते. शेवटी त्याच जागी १६ कमी करून पट्टी विणा. ज्यांना शालीला माप लागत नाही असं वाटतं, त्यांच्या शालींची टोकं बघा, घंटेसारखी पसरलेली असतात.

नमुना विणायचा तो साध्या विणीचा नको. एक दुतोंडी केबल, मॉस आणि जाळीचे दोन घटक एवढं विणा, पूर्ण २० ओळी दोनदा. धुवा, वाळवा, मग मोजा. मोजताना वजनही करा, लोकर किती लागणार हे त्यातूनच कळतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा १५ बाय १५ सेंटिमीटरच्या नमुन्याला १७ ग्रॅम लागले. नमुना २२५ चौरस सेंटिमीटर, ४५ बाय १८० ची शाल ८१००, म्हणजे ३६ पट. ६१२ ग्रॅम, वर दहा टक्के धरा आणि ७०० ग्रॅम एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी बनलेली, घ्या. तुमच्या साध्या पॅटर्नवर लिहिलेला आकडा इथे कामाचा नाही, केबलला त्याच आकाराला पाव हिस्सा तरी जास्त लोकर जाते. नमुन्यावर घालवलेली संध्याकाळ ज्यांना फुकट गेल्यासारखी वाटते, त्यांनी तीनशे ओळींनंतर लोकर संपल्यावर तोच रंग शोधून दाखवावा.

ब्रँड मी सांगणार नाही. तीन किंवा जास्त पदरांची गोल पिळाची शुद्ध लोकर बघा. एकपदरी लोकरीत टाका चपटा दिसतो आणि घासून गोळे येतात. ॲक्रिलिकवर केबल विणू नका. पाण्यानं ते आकार धरत नाही, वाफ दिली तर केबल कायमची चपटी होते. मशीनमध्ये धुता येणारी प्रक्रिया केलेली लोकर ओली झाली की लांबीत वाढते आणि ७०० ग्रॅमची शाल आणखी लोंबते, ती घ्यायचीच असेल तर नमुना टांगून वाळवा.

जाळीच्या रेघेचा डावा सुलट टाका फुगलेला दिसेल. हात सैल आहे म्हणून नाही, सुलटावरून उलटावर जाताना धागा लांबचा रस्ता घेतो आणि जास्तीचा धागा त्या टाक्यात साठतो. रेघेनंतरचा पहिला उलट टाका विणताना धागा सुईवर नेहमीच्या उलट दिशेनं गुंडाळा. पुढच्या ओळीत तो टाका मागच्या पायातून (सुईमागच्या धाग्यातून) विणा, नाहीतर पिळला जाईल. फरक चार ओळींतच दिसतो.

ओलांडणी चुकीच्या बाजूला झाली आणि दहा ओळींनी लक्षात आलं, तर सगळं उसवू नका. त्या केबलचेच टाके सुईवरून सोडा, ओलांडणीपर्यंत खाली उतरा, दोन टोकदार लहान सुया घेऊन बरोबर बाजूनं ओलांडा आणि मागे आडव्या राहिलेल्या धाग्यांच्या शिड्यांवरूनच एकेक ओळ वर विणत या. चार टाक्यांच्या ओलांडणीला दहा मिनिटं, दुतोंडी केबलला तासभर. जाळीच्या दोन टाक्यांच्या सरकत्या रेघा केबलच्या सुईशिवाय विणता येतात आणि विणाव्यातही, वेळ वाचतो. ६ वर ६ ला मात्र सुई लागतेच, तीही कामाच्या सुईपेक्षा अर्धा मिमी बारीक आणि मध्ये वाकलेली.

मॉस भरलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नकोत आणि मॉसही दर दोन ओळींनी बदलणारा घ्या. दर ओळीला बदलणारा मॉस उंचीत कमी भरतो, मग शेजारची मोकळी चौकट फुगते.

संपल्यावर कोमट पाण्यात अर्धा तास, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि नमुन्याच्या मापाला पसरून टाचण्या लावायच्या. ४३ ची ४५-४६ होऊ द्या, ५२ करायला ओढू नका. ओढलेली केबल चपटी पडते आणि एवढी मेहनत ज्या उठावासाठी केली तो जातो. इस्त्री अजिबात नाही.

हे सगळे आकडे माझ्या मध्यम हाताचे आहेत. तुमचा हात घट्ट असेल तर ५.५ ची सुई घ्या. ७०० ग्रॅम खांद्यावर जड वाटत असेल तर डीके (थोडी बारीक) लोकर आणि ४.५ ची सुई घ्या, जाळीचे पाच घटक करा, पट्टीला ७८ ऐवजी ८८ टाके घाला, वाढ १८ ची होईल आणि एकूण १०६ टाके. आणि त्रिकोणी शालीत हे बसवायला जाऊ नका. तिथे दर दुसऱ्या ओळीला टाके वाढतात, कडेची केबल सतत सरकत राहते आणि अर्धवट चौकटी कुठे मिटवायच्या हे ओळीओळीला ठरवत बसावं लागतं.