मेमरीचा ग्राफ काढा, नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका

प्रश्न: लिनक्स सर्व्हरवर माझी एक पायथन स्क्रिप्ट रात्रभर चालते आणि सकाळी बघावं तर मशीन पार रडकुंडीला आलेलं असतं. टॉप कमांडमध्ये व्हर्ट ४ जीबी दाखवतो आणि रेस ३०० एमबी, मग धरायचा कुठला? आणि रात्रभर टक लावून बसणार कोण, नुसत्या टर्मिनलवर ग्राफ निघतो का?

उत्तर: निघतो की. आधी आकड्यांचं बघू. व्हर्ट म्हणजे प्रोग्रामने मागून ठेवलेली सगळी ॲड्रेस स्पेस, त्यातल्या बऱ्याच जागेला अजून हातही लागलेला नसतो, त्यामुळे ते ४ जीबी बघून घाबरू नका. रेस म्हणजेच आरएसएस, आत्ता रॅममध्ये खरोखर बसलेला भाग. पण स्क्रिप्ट चार-पाच वर्कर (कामाला लावलेल्या वेगळ्या प्रोसेस) सोडत असेल तर त्यांच्या आरएसएसची बेरीज करू नका, शेअर्ड पानं म्हणजे त्यांनी मिळून वापरलेले मेमरीचे तुकडे प्रत्येकात पुन्हा पुन्हा मोजले जातात. तिथे पीएसएस बघायचा, म्हणजे शेअर्ड पानं सगळ्यांत वाटून मोजलेला आकडा, तो प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) एसमॅप्स रोलअप फाइलमध्ये मिळतो.

आता ग्राफ. शेलमध्ये एक छोटा व्हाइल लूप लिहा, अटीत किल डॅश झीरो आणि पीआयडी द्या (नाव भयंकर आहे पण तो मारत नाही, प्रोसेस जिवंत आहे का एवढंच विचारतो), आत डेटने सेकंद घ्या, पीएस कमांडला डॅश ओ देऊन फक्त आरएसएस मागा आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह टाका म्हणजे हेडिंग येत नाही, दोन्ही एका ओळीत फाइलला जोडा, मग ५ सेकंद स्लीप. आकडे केबीमध्ये येतात. सकाळी ती फाइल ग्राफ काढणाऱ्या ग्नूप्लॉटला द्या, टर्मिनल डम्ब सेट केलं तर ग्राफ तिथेच अक्षरांनी काढून देतो, दिसायला गावठी पण काम चोख, आणि साहेबांना पाठवायचा असेल तर टर्मिनल पीएनजी करा.

ग्राफ वाचताना शिखरं सोडा, तळ बघा. काम संपल्यावर रेघ खाली आली नाही म्हणजे लीकच (वापरून परत न सोडलेली मेमरी साचत जाणं) आहे असं नाही, कारण मोकळी केलेली मेमरी ॲलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारा भाग, बऱ्याचदा पुढच्या वेळेसाठी स्वतःकडेच ठेवतो, पायथनही तेच करतो. पण प्रत्येक फेरीनंतरचा तळ आधीपेक्षा वर सरकत असेल तर लीकचा संशय घ्याच. उलट रेघ अचानक खाली आली तर लगेच खूश होऊ नका, पानं स्वॅपमध्ये (रॅममधून डिस्कवर) गेली असतील, प्रॉकमधल्या त्याच पीआयडीच्या स्टेटस फाइलमधली व्हीएमस्वॅपची ओळ बघून घ्या.

मेमरी खाणारी कोडची ओळ नक्की कुठली हे ग्राफ सांगणार नाही, त्यासाठी पायथनमध्येच ट्रेसमॅलॉक हे मॉड्यूल आहे. सी किंवा सी प्लस प्लस असतं तर व्हॅलग्राइंडचं मॅसिफ हे मेमरी मोजणारं टूल सांगितलं असतं, फक्त त्याने प्रोग्राम साधारण २० पट हळू होतो.

प्रश्न: पाच सेकंदांच्या मधेच मेमरी उसळून परत खाली आली तर?

उत्तर: लूपला ती दिसणारच नाही. फक्त शिखर हवं असेल तर स्क्रिप्ट टाइम कमांडच्या डॅश व्ही ऑप्शनने चालवा, पण यूएसआर बिनचा पूर्ण पाथ देऊन, नाहीतर बॅशचा स्वतःचा टाइम धावून येतो आणि तो मेमरीबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि स्क्रिप्ट आधीच चालू असेल तर त्याच स्टेटस फाइलमध्ये व्हीएमएचडब्ल्यूएम बघा, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आरएसएस तिथे मिळतो.