सुरगाणा आणि डांगमधली माणसं एकच असताना सीमेवर एवढी कटुता का?

भांडण माणसांचं कमी, पाण्या-रस्त्यांचं जास्त. १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेलं, सुरगाणा नाशिक जिल्ह्यात राहिलं. त्याआधी ‘डांगी’ मराठीची बोली की गुजरातीची, यावर मोठा वाद झाला होता. माझ्या मते ती सीमेपुरती तोडून बघणंच चूक, कारण कोकणा, वारली, भिल्ल हे आदिवासी दोन्हीकडे आहेत आणि सोयरीक आजही सीमेपलीकडे होते.

मार्गशीर्षातल्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला दोन्हीकडे पावरी घुमते. दुधी भोपळा आणि बांबूची ती पावरी, तिच्या सुरावर रात्र रात्र रिंगण चालतं. बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगंही दोन्हीकडची. चैत्रात सप्तशृंगीला गुजरातचे भाविक येतात ते वेगळंच.

मग राग कुठून? नार-पार नद्यांचं पाणी पश्चिमेला वाहून गुजरातेत जातं, आणि इकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे. २०२२ मध्ये सुरगाण्यातल्या काही गावांनी गुजरातेत सामील करा म्हटलं, ते रस्ते, वीज, दवाखाना नाही म्हणून. भाषेचं प्रेम बदललं म्हणून नव्हे. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाला तर पलीकडच्या, गुजरातेतल्या आदिवासींनीच कडाडून विरोध केला, जमीन बुडेल म्हणून.