नियमावलीत 'बेकाराझु' नको

तुमचा प्रश्न असा, की कारखान्याच्या सुरक्षा नियमांचं जपानी भाषांतर करताना जिथे जिथे 'सक्त मनाई' आहे तिथे एन-वनच्या (जपानी भाषेच्या परीक्षेतली सगळ्यात वरची पातळी) पुस्तकातलं 'बेकाराझु' ('करू नये') टाकलं तर चालेल का.

नका टाकू. मी हा उद्योग करून बसलोय. पहिल्याच मोठ्या कामात पानंच्या पानं 'बेकाराझु'ने भरली होती. तपासणाऱ्या जपानी बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'देवळाच्या दारावरची जुनी पाटी वाटते.' आणि जवळजवळ सगळीकडे 'शिनाइ कोतो' (आजच्या नियमांतलं साधं 'करू नये') केलं.

'बेकाराझु' हे जुन्या 'बेशि'चं ('करावं') नकारार्थी रूप. आज ते उरलंय पाट्यांवर ('ताचिइरु बेकाराझु', आत येऊ नये) आणि म्हणींमध्ये. जुना नोह नाटककार झेआमी याचं 'शोशिन वासुरु बेकाराझु' (सुरुवातीची वृत्ती विसरू नये) बघा. 'विसरणे'साठी आजचं क्रियापद 'वासुरेरु', पण इथे जुनं 'वासुरु'च आहे. 1889 च्या मेइजी संविधानातही तिसऱ्या कलमात सम्राट 'ओकासु बेकाराझु', म्हणजे त्याच्या पावित्र्याला धक्का लावायचा नाही.

1946 साली जाहीर झालेलं आजचं संविधान मात्र बोलीच्या जवळच्या भाषेत आहे. कलम 21 सेन्सॉरशिपबद्दल म्हणतं, 'कोरे ओ शिते वा नारानाइ'. आपलं 'करता कामा नये' अगदी चपखल बसतं. कलम 36 सरकारी नोकरांकडून होणाऱ्या छळाबद्दल आणखी कडक: 'झेत्ताइ नि कोरे ओ किन्झुरु', म्हणजे याला पूर्णपणे मनाई आहे. अख्ख्या संविधानात 'झेत्ताइ नि' ('पूर्णपणे') एवढ्या एकाच ठिकाणी येतं.

तुमच्या पुस्तकाच्या यादीत 'माजिकि'ही असेल, पण ते मनाई करत नाही, घडलेल्या गोष्टीवर ठपका ठेवतं. 'क्योउशि नि आरुमाजिकि कोउइ', शिक्षकाला न शोभणारं वर्तन. (आणि 'सुबेकाराकु' दिसलं तर फसू नका. त्याचा अर्थ उलट, 'अवश्य करावं' असा. जपानी लोकही त्यात घोळ घालतात.)

तुमच्या कामात दोनच गोष्टी लागतील. पाटीसाठी नाम आणि 'गेन्किन' ('सक्त मनाई'): पेट्रोल पंपावर लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'काकि गेन्किन' (आगीला सक्त मनाई) असतं तसं. नियमाच्या वाक्यासाठी क्रियापदाला 'नाइ कोतो', वरच्या 'शिनाइ कोतो'सारखं. तुमचं 'यंत्र चालू असताना झाकण उघडण्यास सक्त मनाई' असं होईल: 'किकाइ नो उन्तेन्च्युउ वा काबाआ ओ आकेनाइ कोतो'. जीवावर बेतणारे दोन-तीन नियम असतील, तेवढ्यांना 'झेत्ताइ नि' लावा.