नुकत्याच निघालेल्या आजारी पिल्लांना कोणतं औषध द्यावं?

तुम्ही निफाडकडचे. घरच्या इनक्युबेटरमध्ये कोंबडीची पिल्लं निघाली, ती रिकाम्या कांदा चाळीत ठेवलीत. एकाचे पाय फाकलेत, एकाचं बूड चिकटलंय, एकाची बेंबी ओली आहे, तर औषध काय द्यायचं, असं विचारलंय. दादा, औषधाचं नंतर बघू. आधी पिल्लं चाळीतून हलवा, आजच.

चाळ बांधतात तीच मुळी खालून-बाजूने वारा खेळावा म्हणून. कांदा त्यावर टिकतो, पिल्लू मरतं. निफाडचा पारा थंडीत दहाच्या खाली जातो आणि पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते. गारठलेलं पिल्लू ना दाणा टिपतं ना पाणी पितं, आणि मग जे काही होतं त्याला आपण आजार म्हणतो.

घरातल्या आडोशाच्या खोलीत मोठं खोकं घ्या, खाली भाताचं तूस पसरा आणि बल्ब एकाच टोकाला लावा, म्हणजे गरम झालं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर असू द्या, पण मी पिल्लांवरच जास्त विश्वास ठेवते. बल्बखाली ढीग करून ओरडतात म्हणजे थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतात म्हणजे उकडतंय. पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर ऊब कमी आहे. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, तिच्या वायूने पिल्लंच काय, माणसंही जातात.

आता बूड. वाळलेली विष्ठा ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात कापूस भिजवून धरा, मऊ पडू द्या, हळूच पुसा, पूर्ण कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट लावा. पुन्हा चिकटेल, पुन्हा करायचं. मात्र बेंबी आणि बूड यांत गल्लत करू नका: बेंबी पोटावर, पुढे असते. तिथे सुकलेला काळा धागा दिसला तर हात लावू नका, आपोआप गळतो.

फाकलेले पाय पहिल्या दोन-तीन दिवसांत बांधले तर बहुतेक वेळा सरळ होतात. बँड-एड उभी कापा आणि दोन्ही पायांना पट्टी अशी गुंडाळा की पिल्लू नैसर्गिक उभं राहतं तेवढंच अंतर राहील. रोज सैल करून बघा, कारण पाय वाढत असतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र असेल तर काढून टाका, त्यावर पाय घसरतात. द्राक्षाच्या खोक्याचा खडबडीत पुठ्ठा चालतो. बांधलेल्या पिल्लाची चोच स्वतः पाण्यात बुडवा. पाण्याच्या बशीत खडे टाका, म्हणजे कोणी बुडणार नाही.

ओल्या बेंबीचं स्पष्ट सांगते. पोट फुगलेलं, बेंबी उघडी आणि वास येत असेल तर तो जंतुसंसर्ग आहे आणि अशी पिल्लं बरीचशी जगत नाहीत. लगेच वेगळं ठेवा, नाहीतर बाकीची तिथेच टोचतात. बेंबीवर पोव्हिडोन आयोडीन लावा. वास नसेल, पोट मऊ असेल, पिल्लू चालत असेल तर आशा आहे. पुढच्या वेळी विष्ठेने माखलेली अंडी उबवायला घेऊ नका, संसर्ग बहुतेक तिथूनच येतो.

अँटिबायोटिक दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात टाकू नका. पांढरी हगवण लागून पिल्लं पटापट मरू लागली तर ताजं मेलेलं पिल्लू बर्फावर ठेवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. ती हगवण पुलोरम या जंतुरोगाची निघाली, तर वाचलेल्या कोंबड्यांची अंडी पुन्हा उबवायची नाहीत, रोग अंड्यातून उतरतो.

जी पिल्लं धडधाकट आहेत त्यांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब, चुकवू नका. आजारी पिल्लाला मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या. लहान बाटलीसुद्धा शंभरेक पिल्लांची असते, बर्फावरच आणावी लागते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आजूबाजूच्या कोणाची त्याच वयाची पिल्लं असतील तर त्यांनाही तोच दिवस सांगून ठेवा.